प्रोसेसरची वीज आणि उष्णता: कर्नल निर्णय कसे घेते

आजच्या संगणकातला किंवा फोनमधला प्रोसेसर आपले सर्व कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे गणनेचे भाग) एकाच वेळी, कमाल वेगाने, हवा तितका वेळ चालवू शकत नाही. त्याला मिळणारी वीज मर्यादित असते आणि ती वापरल्यावर तयार झालेली उष्णता बाहेर टाकण्याची सोय त्याहूनही मर्यादित असते. त्यामुळे कोणत्या कोअरला केव्हा झोपवायचे, जागा असलेला कोअर किती वेगाने चालवायचा आणि तापमान चढू लागले की कोणाचा वेग किती उतरवायचा, हे कोणाला तरी सतत ठरवावे लागते. हे काम मुख्यतः ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात असलेले कर्नल करते. या तिन्ही निर्णयांमागे अडचण एकच आहे. कर्नलला आतापर्यंत काय घडले एवढेच माहीत असते, आणि निर्णय मात्र पुढे काय घडेल यावर अवलंबून असतो. झोपेचा अंदाज मायक्रोसेकंदांच्या हिशेबात चुकतो, वेगाचा मिलिसेकंदांच्या आणि उष्णतेचा सेकंदांच्या; म्हणूनच या तीन कामांसाठी कर्नलमध्ये तीन वेगळ्या यंत्रणा आहेत. खाली दिलेली उदाहरणे प्रामुख्याने लिनक्समधली आहेत, कारण त्याचा कोड सर्वांना वाचता येतो आणि सर्व्हरपासून अँड्रॉइड फोनपर्यंत तेच कर्नल चालते.

आधी वीज खर्च कशावर होते ते पाहू. ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना लागणारी वीज सर्किटची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता), व्होल्टेजचा वर्ग आणि फ्रिक्वेन्सी, म्हणजेच चालण्याचा वेग, यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. समजा फ्रिक्वेन्सी निम्मी केली, पण व्होल्टेज तेवढेच ठेवले. वीज निम्म्यावर येईल, पण तेच काम करायला दुप्पट वेळ लागेल आणि खर्च झालेली एकूण ऊर्जा होती तेवढीच राहील. आता फ्रिक्वेन्सी निम्मी करताना व्होल्टेजही १ वरून ०.८ व्होल्टवर आणले, तर वीज मूळच्या ३२ टक्क्यांवर येते आणि दुप्पट वेळ धरूनही ऊर्जा ६४ टक्केच लागते. म्हणजे वेग कमी करण्याचा खरा लाभ व्होल्टेज उतरवता येण्यात आहे. हे लक्षात न घेतल्यामुळे ‘हळू चालवले की बॅटरी वाचते’ असा सरसकट समज पसरला आहे. तो अपुरा आहे, कारण विजेचा दुसरा खर्च गळतीचा असतो. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो, आणि ही गळती व्होल्टेजबरोबर आणि तापमानाबरोबर वाढते. काम रेंगाळले तर गळतीही तितका वेळ चालू राहते. म्हणून काही प्रसंगी काम झपाट्याने उरकून कोअरला गाढ झोपवणे हे हळू चालवण्यापेक्षा स्वस्त पडते.

हा प्रश्न पूर्वी इतका तीव्र नव्हता. ट्रान्झिस्टर लहान होत जातील तसे व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येईल आणि चिपच्या तेवढ्याच क्षेत्रफळामागे वीज साधारण तेवढीच राहील, असे १९७४ साली आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते. सुमारे तीन दशके या नियमावर उद्योग चालला. २००५ च्या आसपास मात्र गळतीमुळे व्होल्टेज आणखी खाली नेणे अवघड झाले आणि फ्रिक्वेन्सी वाढवण्याची शर्यत थबकली. पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झवर थांबला आणि त्याच्या पुढचा ‘तेजस’ नावाचा प्रकल्प इंटेलने २००४ मध्ये रद्द केला. तेव्हापासून चिपवर कोअर वाढत गेले, पण ते सगळे एकदम पूर्ण वेगाने चालवण्याची मुभा राहिली नाही.

पहिली यंत्रणा झोपेची. कोअरकडे काम उरले नाही की कर्नल त्याला रिकामा फिरू देत नाही, झोपवते. झोपेच्या पायऱ्या असतात. सर्वांत हलक्या झोपेत कोअरच्या कामाला ताल देणारा क्लॉक थांबतो, बाकी सर्व जागच्या जागी राहते. त्याहून खोल पायरीत कॅशमधला (कोअरजवळच्या छोट्या, जलद साठ्यातला) मजकूर मेमरीत लिहून काढला जातो, आणि सर्वांत खोल पायरीत कोअरची स्थिती वेगळ्या जागी जपून त्याचा वीजपुरवठाच तोडला जातो. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये आणलेल्या एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकात या पायऱ्यांना सी-१, सी-२, सी-३ अशी नावे मिळाली. जागा असलेला कोअर म्हणजे सी-०.

पायरी जितकी खोल तितकी बचत जास्त, पण आत जायला आणि बाहेर यायला वेळही लागतो आणि ऊर्जाही. म्हणून प्रत्येक पायरीबरोबर ड्रायव्हर (त्या हार्डवेअरची माहिती असलेला कर्नलचा भाग) दोन आकडे देतो. एक, जागे होण्यास लागणारा विलंब. आणि दोन, त्या पायरीत किमान किती काळ मुक्काम झाला तर ती फायद्याची ठरते. सिग्नलला थांबलेल्या वाहनाचे इंजिन बंद करावे की नाही, हा हिशेब नेमका असाच असतो. कोअर २० मायक्रोसेकंद झोपणार असेल आणि सर्वांत खोल पायरीचा किमान मुक्काम ६०० मायक्रोसेकंदांचा असेल, तर तिथे जाण्याने वीज वाचण्याऐवजी जास्त खर्च होते, शिवाय जागे व्हायला उशीर होतो तो वेगळाच.

मग कोअर किती वेळ झोपणार, हे कर्नलला कसे कळावे? अर्धे उत्तर त्याच्या हातात असते. पुढचा टायमर केव्हा वाजणार हे त्याला अचूक माहीत असते, कारण तो त्यानेच लावलेला असतो. उरलेले अर्धे उत्तर बाहेरच्या जगाकडे असते: नेटवर्कवरून पॅकेट येते, डिस्क वाचन संपल्याचे कळवते, कोणी कळ दाबते. लिनक्समध्ये ही निवड करणाऱ्या घटकाला गव्हर्नर म्हणतात. ‘मेन्यू’ नावाचा गव्हर्नर पुढच्या टायमरपर्यंतचा वेळ घेतो, मागच्या अनुभवावरून त्याला एक सुधारणा-गुणक लावतो, आणि त्याशिवाय शेवटच्या आठ झोपा किती लांबीच्या होत्या ते पाहतो. त्या आठांत ठरावीक लय दिसली तर तो टायमरपेक्षा तिच्यावर जास्त विसंबतो. ‘टीओ’ हा त्यानंतरचा गव्हर्नर २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.१ या आवृत्तीत आला. त्याच्या आखणीमागचा विचार असा की बहुतेक वेळा कोअरला टायमरच उठवतो, म्हणून टायमरला मुख्य पुरावा मानावे आणि टायमरच्या आधीच झोपमोड होण्याचे प्रमाण वाढले तरच उथळ पायरीकडे वळावे. मला ही मांडणी अधिक प्रामाणिक वाटते, कारण जे निश्चित ठाऊक आहे ते ती आधी वापरते.

या सगळ्याला एक जुना अडथळा होता. कर्नलचा ठोका, म्हणजे सेकंदाला १००, २५० किंवा १००० वेळा वाजणारा नियमित टायमर, काम असो वा नसो कोअरला उठवत असे. २५० च्या ठोक्याला कोणतीही झोप चार मिलिसेकंदांपेक्षा लांबू शकत नसे. २००७ मध्ये २.६.२१ या आवृत्तीत रिकाम्या कोअरवरचा हा ठोका बंद करण्याची सोय आली आणि लॅपटॉपच्या बॅटरीच्या दृष्टीने तो फार मोलाचा बदल ठरला. पण ठोका थांबवण्यालाही खर्च असतो, आणि बरीच वर्षे कर्नल आधी ठोका थांबवून मग झोपेची पायरी निवडत असे. निवड उथळ पायरीची झाली तर तो खर्च वाया जाई. कर्नलचे एक विकासक राफाएल व्हिसोत्स्की यांनी २०१८ मध्ये ४.१७ या आवृत्तीत हा क्रम उलटा केला. आता पायरी आधी निवडली जाते आणि ठोका थांबवायचा की नाही हे त्यानंतर ठरते.

ध्वनिमुद्रणासारख्या कामांना जागे होण्यातला विलंब सोसत नाही. असा प्रोग्रॅम कर्नलला कमाल किती मायक्रोसेकंद विलंब चालेल ते सांगू शकतो, आणि त्याहून जास्त विलंबाच्या पायऱ्या तेवढ्यापुरत्या वगळल्या जातात. झोपेच्या सर्वच पायऱ्या कायमच्या बंद करून ठेवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला आहे.

दुसरी यंत्रणा वेगाची. वेग बदलताना क्रम पाळावा लागतो. वेग वाढवायचा असेल तर आधी व्होल्टेज चढवायचे, ते स्थिरावू द्यायचे आणि मग फ्रिक्वेन्सी वाढवायची. कमी करायचा असेल तर आधी फ्रिक्वेन्सी उतरवायची आणि नंतर व्होल्टेज. हा क्रम चुकला तर काही क्षण कोअर अपुऱ्या व्होल्टेजवर जास्त वेगाने धावतो आणि चुकीची उत्तरे काढतो. त्यामुळे फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज यांच्या ठरलेल्या जोड्यांचा तक्ता ड्रायव्हरकडे असतो, आणि निवड त्या जोड्यांतूनच होते.

कोणती जोडी निवडायची, हा वेगासाठीच्या वेगळ्या गव्हर्नरचा प्रश्न. २००४ मध्ये आलेला ‘ऑनडिमांड’ हा गव्हर्नर ठरावीक वेळाने कोअर किती टक्के व्यस्त होता ते मोजत असे आणि आकडा उंबरठ्यापलीकडे गेला की थेट कमाल वेग देत असे. वर्षानुवर्षे तो चालला, पण त्याची नजर कोअरवर होती, कामावर नव्हती. एखादे जड काम एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवले की नव्या कोअरचा इतिहास रिकामा दिसे आणि ते काम पुन्हा मंद वेगापासून सुरू होई. कोणते काम कुठे चालेल हे ठरवणारा शेड्युलर कर्नलमध्येच असताना वेग ठरवणाऱ्याने त्याला न विचारणे हे मुळातच विचित्र होते.

ही उणीव २०१६ मध्ये ४.७ या आवृत्तीत आलेल्या ‘शेड्युटिल’ने भरून काढली. शेड्युलर प्रत्येक कामाचा भार आधीपासून मोजतच असतो. हा भार ० ते १०२४ अशा मापात असतो आणि जुना इतिहास हळूहळू विसरला जातो: ३२ मिलिसेकंदांपूर्वीच्या क्षणाचे वजन आताच्या क्षणाच्या निम्मे असते. शेड्युटिल हा भार घेऊन सरळ गुणाकार करतो. कमाल फ्रिक्वेन्सी गुणिले भाराचे प्रमाण, आणि त्यावर २५ टक्के राखीव. कमाल ३ गिगाहर्ट्झच्या कोअरवर भार ५१२ असेल, तर ३ चे निम्मे १.५ आणि त्याचे सव्वापट म्हणजे १.८७५ गिगाहर्ट्झ एवढी मागणी निघते. तक्त्यात तेवढी जोडी नसेल तर तिच्या वरची, उदाहरणार्थ २ गिगाहर्ट्झची, घेतली जाते. राखीव २५ टक्के असल्यामुळे भार ८० टक्क्यांना पोचला की मागणी कमाल वेगाची होते.

इथे एक बारकावा समजून घेण्यासारखा आहे. कोअर निम्म्या वेगाने चालत असताना शंभर टक्के व्यस्त दिसला, तर त्याचा भार १०२४ धरायचा का? तसे केले तर मोजमाप खोटे ठरेल, कारण पूर्ण वेगावर तेच काम निम्म्या वेळात झाले असते. म्हणून लिनक्स व्यस्त वेळेला चालू वेगाच्या प्रमाणात कमी करून मोजते. त्याचा परिणाम असा की मंद वेगावर सुरू झालेल्या नव्या कामाचा भारही सावकाश चढतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते, आणि भार निम्म्यावर पोचायलाच ३२ मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर तोवर दोन चित्रे हातची जातात. बोट लावताच पडदा अडखळतो तो अनेकदा या कारणाने. यावर उपाय म्हणून २०१९ मध्ये ५.३ पासून कामाच्या भाराला किमान आणि कमाल मर्यादा लावण्याची सोय आली. समोर उघडलेल्या ॲपच्या कामांना किमान मर्यादा लावली की ती पहिल्या क्षणापासून पुरेशा वेगाने चालतात; पार्श्वभूमीतल्या कामांना कमाल मर्यादा लावली की ती विनाकारण वेग खेचत नाहीत.

फोनमध्ये हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा असतो, कारण तिथले सगळे कोअर सारखे नसतात. फोनच्या प्रोसेसरांची रचना करणाऱ्या आर्म कंपनीने २०११ मध्ये मोठे आणि छोटे कोअर एकत्र ठेवण्याची रचना जाहीर केली. २०१९ मध्ये ५.० या आवृत्तीत आलेला ऊर्जा-जागरूक शेड्युलर कोअरच्या प्रत्येक गटाचा वीजखर्चाचा तक्ता समोर ठेवतो आणि जागे झालेले काम कुठे ठेवल्यास एकूण ऊर्जा कमीत कमी वाढेल ते काढतो. भार फार वाढला की तो ही आकडेमोड सोडून देतो आणि नेहमीसारखी समान वाटणी करतो. ते योग्यच आहे, कारण सगळे कोअर भरलेले असताना निवडीला वावच उरत नाही.

इंटेलच्या नव्या प्रोसेसरांत वेगाचा निर्णय बराचसा हार्डवेअरकडे गेला आहे. २०१५ मधल्या स्कायलेक पिढीपासून कर्नल ० ते २५५ मधला एक आकडा कळवते, ० म्हणजे वेगाला प्राधान्य आणि २५५ म्हणजे बचतीला. पुढचे प्रोसेसर स्वतः पाहतो. अशा यंत्रावर गव्हर्नरचे नाव ‘पॉवरसेव्ह’ दिसले म्हणून वेग किमान पातळीवर अडकला आहे असे समजू नये. इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये त्या नावाचा अर्थ ‘गरजेप्रमाणे बदलणारा’ असाच आहे, आणि घाईने त्याजागी ‘परफॉर्मन्स’ निवडणाऱ्यांच्या पदरी अनेकदा फक्त जास्त उष्णता पडते.

तिसरी यंत्रणा उष्णतेची, आणि तिचा स्वभाव पहिल्या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. वीज आत्ता कमी केली की आत्ताच कमी होते. तापमान मात्र मागच्या कित्येक सेकंदांचा जमाखर्च असतो, कारण उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीटसिंक तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. या जडत्वाचा फायदाही घेता येतो. हीटसिंक थंड असेल तर काही सेकंद मर्यादेपेक्षा जास्त वीज वापरली तरी चालते, आणि प्रोसेसरचा टर्बो वेग याच सवलतीवर उभा आहे. इंटेलच्या २०११ मधल्या सँडी ब्रिज पिढीपासून यासाठी विजेच्या दोन मर्यादा असतात, एक अल्पकाळाची चढी आणि दुसरी दीर्घ सरासरीची, त्याहून कमी. त्याच सोयीत वापरलेल्या ऊर्जेची नोंदही वाचता येते. ही नोंद इतकी बारीक निघाली की २०२० मध्ये ‘प्लॅटिपस’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या संशोधनात केवळ तिच्या चढउतारांवरून माहिती सांकेतिक करण्याच्या गुप्त किल्ल्या काढून दाखवल्या गेल्या. तेव्हापासून लिनक्समध्ये ती नोंद वाचण्याचा अधिकार फक्त रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, वापरकर्त्याला आहे.

लिनक्सच्या उष्णता-यंत्रणेत तीन घटक असतात. ‘थर्मल झोन’ म्हणजे तापमान मोजण्याची जागा. ‘ट्रिप पॉइंट’ म्हणजे काहीतरी करायला हवे अशी तापमानाची पातळी. ‘कूलिंग डिव्हाइस’ म्हणजे ते करणारा, मग तो पंखा असो किंवा कोअरच्या कमाल फ्रिक्वेन्सीवर घातलेली मर्यादा. यातले बरेचसे डोळ्यांनी पाहता येते. सिसएफएस या आभासी फाइलप्रणालीत थर्मल विभागातल्या एखाद्या झोनची ‘टेम्प’ नावाची फाइल वाचली तर ४७००० असा आकडा दिसतो. तो सेल्सिअसच्या हजाराव्या भागात असतो, म्हणजे तापमान ४७ अंश. शेजारच्या फाइलींत ट्रिप पॉइंट आणि त्यांचे प्रकार असतात: ‘ॲक्टिव्ह’ पातळीला पंखा फिरवायचा, ‘पॅसिव्ह’ पातळीला वेग उतरवायचा आणि ‘क्रिटिकल’ पातळीला यंत्र बंद करायचे.

पॅसिव्ह पातळी ओलांडल्यावर वेग किती उतरवायचा? ‘स्टेप-वाइज’ हा गव्हर्नर तापमानाचा कल पाहतो. ते चढत असेल तर मर्यादा एक पायरी खाली, उतरत असेल तर एक पायरी वर. ही रीत साधी आणि भरवशाची आहे, पण ती नेहमी घडून गेलेल्याच्या मागे धावते. वेग उतरतो, तापमान थोड्या वेळाने उतरते, मर्यादा सैल होते, तापमान पुन्हा चढते. खेळ खेळणाऱ्याला हे हेलकावे चित्रांच्या गतीत जाणवतात. २०१५ मध्ये ४.२ या आवृत्तीत आलेल्या ‘पॉवर ॲलोकेटर’ने प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. ठरवलेले तापमान आणि आताचे तापमान यांतल्या फरकावरून तो आधी एकूण किती वॅट परवडतील ते काढतो. फरक किती आहे, किती काळ टिकला आहे आणि किती झपाट्याने बदलत आहे, हे तिन्ही त्यात धरले जाते. मग ती वीज कोअर आणि ग्राफिक्स यांच्यात त्यांच्या मागणीप्रमाणे वाटली जाते. ग्राफिक्सला गरज असताना रिकाम्या कोअरसाठी वीज अडवून ठेवली जात नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र तो नीट चालायला यंत्राने कायमस्वरूपी किती वॅट सोसावेत हा आकडा उत्पादकाने खरोखर मोजून द्यावा लागतो. अंदाजाने भरलेला आकडा चांगल्या गव्हर्नरलाही निकामी करतो.

हेलकावे टाळण्यामागे आणखी एक कारण आहे. तापमान वाढले की गळती वाढते, गळतीने उष्णता वाढते आणि उष्णतेने पुन्हा तापमान. म्हणून मर्यादेच्या अगदी काठावर चालणारी चिप तेच काम करताना थंड चिपपेक्षा जास्त वीज खाते. फोनमध्ये तर मर्यादा चिपची नसतेच, हाताची असते. चिपला ८० अंश सहज चालतात, पण त्याच्या जवळपास तापलेला फोन धरता येणार नाही; त्यामुळे आतल्या अनेक सेन्सरांवरून पाठीमागच्या कवचाचे तापमान ताडावे लागते.

उष्णतेमुळे वेग कापला जातो तेव्हा शेड्युलरलाही ते कळायला हवे. अन्यथा तो त्या कोअरची क्षमता पूर्ण आहे असे धरून त्याच्यावर काम टाकत राहतो. २०२० मध्ये ५.७ या आवृत्तीपासून उष्णतेने हिरावलेली क्षमता शेड्युलरच्या हिशेबातून वजा होते आणि काम मोकळ्या, थंड कोअरकडे वळते. झोप, वेग आणि उष्णता या तीन यंत्रणा वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या लोकांनी लिहिल्या. त्यांची एकमेकांशी बोलणी होऊ लागणे हीच गेल्या दशकातली खरी प्रगती आहे, असे माझे मत आहे.

एवढे करूनही तापमान क्रिटिकल पातळीला पोचले, तर कर्नल आधी रीतसर बंद होण्याचा आदेश देते, आणि ठरावीक वेळेत तो पार पडला नाही तर सक्तीने वीज तोडते. त्याही खाली हार्डवेअरची स्वतःची राखण असते. इंटेलचा प्रोसेसर आपल्या मर्यादेला, जी अनेक प्रोसेसरांत १०० अंशांच्या आसपास असते, पोचला की कर्नलची वाट न पाहता वेग उतरवतो आणि मग इंटरप्ट (चालू काम थांबवून लक्ष वेधणारा संकेत) पाठवून कळवतो. कर्नल त्याची नोंद लॉगमध्ये करते, आणि प्रत्येक कोअरसाठी सिसएफएसमध्ये असे किती वेळा घडले याची मोजणी ठेवते. ही मोजणी साध्या कामातही वाढत राहिली, तर गव्हर्नर बदलून काही साधणार नाही. पंखा, हवेचा मार्ग आणि हीटसिंकखालची पेस्ट तपासायला घ्यावी.